कोरा रकाना

माणसाची पारख चपला काढताना होते, असं काकांचं ठाम मत होतं. ठाकुर्लीतल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या घराच्या दारात ते प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे. येणारा माणूस कुठला पाय आधी मोकळा करतो, भिंतीला हात लावतो का, चप्पल काढताना त्याचं बोलणं थांबतं का, हे बघत राहायचे. मी पहिल्यांदा गेलेले तेव्हा आई बरोबर होती. आई तोंडाने पत्ता बरोबर आहे ना ते विचारत होती, डोळ्यांनी घर बघत होती, आणि चपला पायातून कधी निघाल्या ते तिलाही कळलं नाही. मी मात्र खाली वाकून सँडलचा बंद सोडवत बसले आणि काकांनी नाव विचारलं ते मला ऐकूच आलं नाही. काका आईला म्हणाले, "वहिनी, परीक्षेच्या खुर्चीत बसायला तुम्हीच यायला हवं होतं. हिचं बघू काय होतंय ते."

मला राग आलेला. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळा घोळ त्याचाच आहे.

मी तेव्हा कल्याणला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला हवाई दलात पायलट व्हायचं होतं. का, ते आजही धड सांगता येत नाही. बाबा पोस्टात, आई अंगणवाडीत, घरात कोणी विमानात पाऊलसुद्धा ठेवलेलं नव्हतं. आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत कोणीतरी जाहिरात चिकटवलेली, मुलींनाही घेतात म्हणून. ती वाचल्यापासून डोक्यात दुसरं काही शिरेना. अभ्यासिकेतल्याच एका दादाने सांगितलं, ठाकुर्लीला एक रिटायर्ड माणूस आहे, थोडा सटकलेला आहे, पण त्याच्याकडे मशीन आहे.

ते मशीन कसलं, हे सांगायला हवं. पायलट व्हायचं तर मुलाखती, मैदानावरची कामं वगैरे असतंच, पण त्याशिवाय एक वेगळी परीक्षा असते. तुमच्यात विमान उडवायचा मुळात कल आहे का, ते तपासायची. तिचे दोन भाग. एक कागदावरचा. त्यात विमानातल्या काटेवाल्या डायलांची चित्रं असतात आणि ती वाचून विमान वर चाललंय की खाली, कुठल्या अंगाला कलंडलंय, ते झटझट ओळखायचं. काका ह्या डायलांना घड्याळं म्हणायचे. दुसरा भाग मशीनवरचा. खुर्चीत बसायचं, हातात दांडा, पायाखाली दोन पेडलं, समोर पडद्यावर एक ठिपका सैरावैरा पळतोय, त्याला हातापायांनी चौकटीत धरून ठेवायचं. मध्येच दिवे लागतात, पींपीं वाजतं, तेही बंद करायचं. दोन्ही मिळून पास झालात तर पुढे. नाहीतर घरी, आणि कायमचे घरी. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. काका म्हणायचे, "दहावीला पुन्हा बसता येतं, लग्नसुद्धा पुन्हा करता येतं. इथे नाही. एकदा बसलात, विषय संपला."

काका स्वतः हवाई दलातले, पण पायलट नव्हेत. जवळजवळ तीस वर्षं ते ह्याच मशीनच्या खोलीत ऑपरेटर होते. काय करायचं ते मुलांना शेजारच्या खोलीत साहेबलोक समजावून सांगायचे. काकांनी फक्त मशीन चालू करायचं, बंद करायचं आणि आकडा लिहायचा. त्यांचं टेबल उमेदवाराच्या बरोबर समोर, पडद्याच्या मागे. तिथून त्यांना मुलाचं डोकं दिसायचं, टेबलाखालून पाय दिसायचे, आणि स्वतःच्या छोट्या पडद्यावर ठिपका. रिटायर होऊन ठाकुर्लीत आले आणि हॉलमध्ये आठवणीतून तसंच मशीन उभं केलं. सलूनची जुनी खुर्ची, स्कूटरच्या ब्रेकची दोन पेडलं, व्हिडिओ गेमचा दांडा आणि एक म्हातारा कॉम्प्युटर. त्यातला प्रोग्राम शेजारच्या इंजिनिअर मुलाकडून मागे लागून लागून करून घेतलेला. काकू वैतागायच्या. "पाहुणे येतात ते आधी त्या खुर्चीतच बसतात आणि विचारतात, दाढी पण होते का इथे?"

त्या खुर्चीत सगळं जग बसलं, काका सोडून. ऑपरेटरने उमेदवाराच्या खुर्चीत बसायचं नाही, असा तिकडे दंडक होता म्हणे. तो त्यांनी ठाकुर्लीतही पाळला. काकू लादी पुसताना खुर्ची सरकवायच्या तेव्हाही ते तिला हात लावायचे नाहीत.

नावानं ते कोणालाच हाक मारायचे नाहीत. तिकडे उमेदवारांना छातीवर नंबर असतो, तसे आम्हालाही नंबर. मी बारावी म्हणून मी बारा. "बारा, चहा घे." "बारा, तुझ्या आईला गुडघ्याचं तेल मिळालं का?" माझ्या आधीचे अकरा जण मी पाहिले नव्हते, पण तीनचा आळस आणि नऊचं हसणं मला पाठ झालेलं. अकरांपैकी पास फक्त एकच झालेला, चार नंबर, डोंबिवलीचा. तोही ट्रेनिंगला गेला आणि काही महिन्यांत परत आला. विमानात त्याला मळमळायचं. काका म्हणायचे, अवघड परीक्षाच आहे ती, बहुतेक जण पडतातच.

शिकवायची तऱ्हा विचारू नका. एका हातात काठोकाठ चहाचा ट्रे धरून हॉलभर चालायचं, तोंडाने शंभरातून सात सात वजा करत जायचं, आणि काकू स्वयंपाकघरातून मध्येच डाव पाडायच्या, तो डावीकडे पडला की उजवीकडे ते सांगायचं. माझ्या सलवारीवर चहाचे डाग कायमचे बसले. "मन तीन ठिकाणी, बूड एका ठिकाणी," एवढं एकच सूत्र. बाजारात गेलं तरी तेच. मासळीवाल्या मावशीसमोर मला थांबवून म्हणायचे, "बघ, सुरी चालतेय, तोंडाने गिऱ्हाइकाला झापतेय, आणि डोळा पलीकडच्या मांजरावर. हिला बसवायला हवं होतं." एकदा कोणाच्या साखरपुड्यात जावई अंगठी घालताना चाचपडला, तर काकांनी मुलीच्या बापाला शांतपणे सांगितलं, "हा ट्रेनिंग पुरं करायचा नाही." त्यानंतर त्या घरचं बोलावणं बंद झालं. लग्न मात्र टिकलं, हेही सांगायला हवं. काकांनी तेही वहीत लिहून ठेवलं.

ती वही म्हणजे काकांचा जीव. जाड पुठ्ठ्याची, चार रकान्यांची. नंबर. माझा अंदाज. मशीन काय म्हणालं. पुढे काय झालं. नोकरीत असल्यापासून ते ती लिहीत होते. उमेदवारांची नावं नाहीत, फक्त नंबर. मुलगा खुर्चीत बसला की मशीन चालू करण्याआधी काका आपला अंदाज मनाशी ठरवायचे आणि संध्याकाळी बराकीत जाऊन लिहायचे. चौथ्या रकान्यासाठी ट्रेनिंगच्या तळावर त्यांचा एक दोस्त होता. तो सुट्टीवर आला की सांगायचा, कोण टिकला, कोणाला घरी पाठवलं.

एका दुपारी त्यांनी ती मला उघडून दाखवली. म्हणाले, "मशीनने ज्याला डोक्यावर घेतला, तो कधी कधी पहिल्या महिन्यातच गळाला. जो काठावर पास झाला, तो पुढे जाऊन दुसऱ्यांना शिकवायला लागला. माझे अंदाजही तसलेच. कधी लागले, कधी नाही. पण ते राहू दे. हे बघ." आणि बोट चौथ्या रकान्यावरून खाली खाली नेत गेले. पानंच्या पानं कोरी. "हे सगळे मशीनने नाही म्हटलेले. ह्यांना कोणी विमानात बसवलंच नाही. मग मशीन बरोबर होतं की चूक, ते कळणार कसं? पास झालेल्यांतले किती टिकले ते सगळे मोजतात. पाडलेल्यांतले किती टिकले असते ते कोण मोजणार? मी आकडा लिहायचो, बारा. मी आकडा लिहिला की पोरगा बॅग उचलून घरी."

मी हं हं केलं. मला वाटलं म्हातारा भरकटला. मला माझ्या परीक्षेची पडलेली, लोकांच्या रकान्यांचं मी काय करू?

घड्याळांसाठी त्यांनी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर हाताने डायल काढून शेकडो पत्ते तयार केलेले. रोज पन्नास बघायचे, असा हुकूम. "मशीन नंतर. आधी घड्याळं. पोरं मशीनला घाबरतात आणि कागदावर मरतात." मला त्या पत्त्यांचा मनस्वी कंटाळा यायचा. काटा इकडे म्हणजे नाक वर, काटा तिकडे म्हणजे पंख खाली. दहा-बारा बघायचे आणि झोपायचं. दुसऱ्या दिवशी काकांनी विचारलं की, "केले काका, पन्नास केले." जो माणूस चपलेवरून माणूस ओळखायचा, त्याने माझं हे कधी तपासलं नाही. माझ्या शब्दावर त्याचा विश्वास होता.

मशीन मात्र मला आवडायचं. पहिल्याच दिवशी मी एक गोष्ट विचारलेली. त्यांच्या मशीनवर डावं पेडल दाबलं की ठिपका उजवीकडे पळायचा आणि उजवं दाबलं की डावीकडे. मी म्हटलं, "काका, हे उलटं वाटतंय."

"सायकलचं उजवं हँडल पुढे ढकल, सायकल कुठे वळते?"

"डावीकडे."

"मग? विमानही तसंच. तीस वर्षं बघितलंय मी. तू पाय लाव."

मी पाय लावले. आठ-दहा महिन्यांत पाय इतके तयार झाले की डोळे मिटून ठिपका धरायचे. काकू म्हणायच्या, "पोरगी नाचतेय जणू." काका मात्र माझ्या वेळी समोरच्या स्टुलावरून उठून पाणी प्यायलाही जायचे नाहीत.

परीक्षा म्हैसूरला होती. सकाळी कागद आला. घड्याळांचं पान उघडलं. चित्रं ओळखीची होती, पण मला एकेकाला वेळ लागत होता. शेजारची मुलगी पान उलटून पुढे गेलेली. घंटा वाजली तेव्हा शेवटचे सहा प्रश्न कोरे होते. सहा. मी मोजले, कारण कागद घ्यायला साहेब यायला तेवढा वेळ लागला.

मग मशीन. पहिलं पेडल दाबलं आणि ठिपका भलतीकडे गेला. तिथे डावं दाबलं की डावीकडेच जात होता. सरळ होतं सगळं. काकांचंच उलटं होतं. पण आधी सरावाची फेरी होती, आणि खोटं कशाला बोलू, तो वेळ मला पुरला. पहिल्यांदा पाय गोंधळले, मग त्यांना समजलं. खरी फेरी सुरू झाली तोवर ठिपका माझ्या ताब्यात होता. मशीनवरून उठले तेव्हा मला वाटलं, हे तर जमलं.

संध्याकाळी पास झालेल्यांचे नंबर पुकारले. माझा नव्हता. कशात कमी पडलात ते सांगत नाहीत. पण मला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी कल्याणला उतरले. घरी बॅग टाकली आणि तशीच ठाकुर्लीला गेले. काका दारातल्या खुर्चीतून उठले. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असणारच. तरी त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा?

"घड्याळं कशी गेली?"

तिथे माझं डोकं फिरलं. म्हणजे तिथे मी घाबरले, आणि घाबरले की मला राग येतो. मी म्हटलं, "घड्याळांचं सोडा. तुमचं मशीन उलटं आहे. पाय उलटे आहेत तुमचे. तिकडे डावं म्हणजे डावंच. वर्षभर तुम्ही मला उलटं शिकवलंत."

"असं होणार नाही."

"मी बसून आलेय त्या खुर्चीत. तुम्ही बसलायत कधी?"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. काका आपल्या नेहमीच्या स्टुलावर जाऊन बसले, पडद्याच्या मागे. काकूंना म्हणाले, "खुर्चीत बस. उजवा पाय दाब." काकूंनी दाबला. काका टेबलाखालून बघत राहिले. काकूंचा उजवा पाय त्यांच्या डाव्या हाताला होता. ते पुन्हा म्हणाले, "दाब." मग पुन्हा. तीस वर्षं त्यांनी पाय समोरून पाहिलेले. समोर त्यांच्या डाव्या बाजूचा पाय दाबला जायचा आणि त्यांच्या पडद्यावर ठिपका उजवीकडे जायचा. हेच त्यांच्या डोक्यात बसलं आणि तसंच त्यांनी हॉलमध्ये बांधलं. सायकलचं कारण त्यांनी नंतर स्वतःला समजवायला शोधलेलं.

काकू उठल्या. काका पडद्याला वळसा घालून आले आणि त्या सलूनच्या खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा. दोन्ही पाय पेडलांवर ठेवले आणि दाबले नाहीत, नुसते ठेवले. काकूंनी विचारलं, चहा टाकू का.

काका पेडलांकडे बघत म्हणाले, "बारा जण. एकेकाला एकदाच."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पाय सुधारले होते काका, मला वेळ मिळाला, मी घड्याळं केली नव्हती, मी वर्षभर तुमच्याशी खोटं बोलले. एवढंच. चार वाक्यं. मी सँडल घातली आणि घरी आले.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "बारा, तुझी स्कूटी आहे ना? मला काही घरी जायचंय."

त्यांनी ठरवलेलं की सगळ्यांना जाऊन तोंडावर सांगायचं. फोन नाही, चिठ्ठी नाही. वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते माझ्या मागे बसायचे आणि रविवार-रविवार आम्ही फिरायचो. मी का गेले? नाही म्हणायला तोंड नव्हतं, म्हणून. प्रत्येक दारात ते चपला काढायचे, आत जायचे, पाणी घ्यायचे नाहीत आणि उभ्यानेच म्हणायचे, "मी तुला उलटं शिकवलं. तू पडलास ती तुझी चूक नव्हती. माझी होती." पाठ केलेलं वाक्य होतं, तरी दरवेळी मध्येच अडखळायचे.

ठाण्यात वर्तकनगरला तीन नंबर दुसऱ्या मजल्यावर राहायचा. कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांत त्याची बायको, लहान पोर आणि टीव्हीवर लावलेलं कार्टून. त्याने सगळं ऐकून घेतलं. बायको म्हणाली, "तुम्ही पायलटची परीक्षा दिलेलीत? मला कधी बोलला नाहीत." तो तिच्याकडे बघेना. काकांना म्हणाला, "काका, मी विसरलेलो. खरंच विसरलेलो हो." आणि आम्हाला जिन्यापर्यंत सोडायला आला नाही.

डोंबिवलीच्या चारकडे खरं तर जायची गरज नव्हती. तो पास झालेला. पण काकांना त्याला एकच विचारायचं होतं, उलटं शिकूनही तू पास कसा झालास. तो हसला. "काका, रागावू नका. मशीनवर मी दोनदाच बसलो असेन. मी काकूंच्या हातची सुकटीची चटणी आणि भाकरी खायला यायचो." काकाही हसले. जिना उतरताना मात्र कठडा धरून थांबले आणि म्हणाले, "जो शिकलाच नाही तो पास झाला." मी स्कूटी चालू करायचं निमित्त करून पुढे गेले.

सात नंबर कल्याणजवळच्या मोहन्याचा. बंद पडलेल्या कारखान्याच्या बाजूला जुन्या बैठ्या खोल्या आहेत, त्यात त्याचे वडील एकटेच होते. पोरगा पुण्याला कामाला. काकांनी वडिलांनाच सगळं सांगितलं आणि मुलाचा नंबर मागितला. ते कारखान्यात आयुष्य काढलेले गृहस्थ, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिले. मग म्हणाले, "नंबर नको. तो दोन वर्षं स्वतःला शिव्या घालत होता. मग हळूहळू थांबला. आता तुम्ही सांगितलंत तर तुम्हाला घालायला लागेल. तुम्हाला घातल्या तरी हरकत नाही, पण तो परत तिथेच जाऊन बसेल. नको साहेब." काका म्हणाले, "मी साहेब नाही." बाहेर येऊन त्यांनी वहीत सातच्या पुढे काहीतरी लिहायला पेन काढलं आणि तसंच परत खिशात ठेवलं.

येताना नदीच्या पुलाआधी ते म्हणाले, थांब जरा. रस्त्याच्या कडेला स्कूटी लावली. उन्हाने रस्ता तापलेला. त्यांनी विचारलं, "बारा, आमच्या वेळी सरावाची फेरी अगदी थोडी असायची. आता किती देतात? पाय ताळ्यावर यायला पुरते का ती?"

सरळ प्रश्न होता. हो म्हटलं असतं तर त्या म्हाताऱ्याच्या छातीवरचा दगड अर्धा तरी हलला असता. बाकीच्यांचेही पाय सरळ झाले असतील, ते दुसऱ्याच कशाने पडले असतील, असं त्यांना मानता आलं असतं. पण पुरते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग तू कशाने पडलीस? आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं.

मी म्हटलं, "नाही पुरत."

ते म्हणाले, "मग बरोबर," आणि मागे बसले. मी आजवर पुष्कळ खोटं बोलले असेन, पण त्या दोन शब्दांची मला लाज वाटते. अजून वाटते.

सगळ्यांकडे जाऊन झाल्यावर काका आमच्या घरी आले. मला वाटलं चहाला आलेत. त्यांनी बाबांना बसवलं, आईला बाहेर बोलावलं आणि स्वतः उभे राहिले. मला म्हणाले, "बारा, तुझं राहिलंय." ते वाक्य त्यांनी माझ्यासमोरही म्हटलं, पूर्ण. मग बाबांना म्हणाले, "तुमची मुलगी त्या खुर्चीसाठीच जन्मली होती. मी तिचे पाय बिघडवले." बाबा महिनाभर माझ्याशी नीट बोलले नव्हते. पैसा गेला नाही, काही नाही, पण पोरीने हट्ट केला आणि जमलं नाही म्हणून मनातून खचलेले. ते उठले आणि काकांचे दोन्ही हात धरून रडले. आईही रडली. मी भिंतीला टेकून उभी होते. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मला माहीत होतं." त्या हाताखाली उभं राहून खरं बोलणारी माणसं असतील. मी नव्हते.

त्यानंतर काका मिटले. सलूनची खुर्ची डोंबिवलीच्या एका न्हाव्याला दिली, पेडलं भंगारात गेली. मी कधीमधी जायचे. दारातली प्लास्टिकची खुर्ची तिथेच होती, काका त्यात बसायचेही, पण येणाऱ्याच्या पायांकडे बघायचे नाहीत. एकदा मासळीवाल्या मावशीसमोर मी मुद्दाम थांबले, म्हटलं, "काका, बघा, दोन्ही हात, तोंड आणि डोळा." ते म्हणाले, "असेल. आपल्याला काय कळतं त्यातलं." काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ते हल्ली जेवतानाही हाताकडे बघत बसतात. मी दोनदा तरी ठरवून गेलेले, आज सांगायचं. एकदा त्यांना ताप होता. एकदा ते स्वतःहून म्हणाले, "बरं झालं तू आलीस, तू तरी येतेस," आणि मी काकूंना भाजी निवडू लागायला आत गेले.

पुढच्या वर्षी ते गेले. झोपेतच, दुपारी. मी तेव्हा ठाण्याला नोकरीला लागले होते. वागळे इस्टेटमध्ये एक छोटी कंपनी आहे, कारखान्यांची प्रेशरची डायलं तपासून द्यायची. दिवसभर काटे वाचते. अगदी पटापट वाचते आता.

तेराव्यानंतर काकूंनी बोलावलं. म्हणाल्या, "हे तुझं. तुलाच द्यायला सांगितलेलं." पिशवीत वही होती. मी घरी येऊन शेवटचं पान उघडलं. अकरा नंबरपर्यंत अंदाजाच्या रकान्यात त्यांच्या नेहमीच्या खुणा होत्या. मशीनच्या रकान्यात एकट्या चारपुढे हो, बाकी सगळ्यांपुढे नाही. चौथ्या रकान्यात चारपुढे, मळमळ, परत आला. बाकीचे सगळे कोरे. तीस वर्षांत नाही म्हटलेल्या कोणाहीपुढे त्या माणसाने एक अक्षर लिहिलं नव्हतं, कारण जे घडलंच नाही ते लिहायचं नसतं, हा त्याचा धर्म होता.

बाराच्या ओळीत मात्र लिहिलेलं होतं. अक्षर रेषेखाली घसरलेलं. 'पास झाली असती. पुढेही टिकली असती. पाय माझ्यामुळे.'

वही माझ्या कपाटात आहे. त्या ओळीखाली लिहायला मी कितीदा पेन घेतलंय. सहा घड्याळं कोरी सोडली होती, एवढंच लिहायचंय.